पाण्याखाली टिकण्याची विद्या

तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं; येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. मुंबईपासून खाली कोकणच्या किनाऱ्यावर होडी घालणाऱ्यांना हे गणित पिढ्यानपिढ्या पाठ आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आतबाहेर. गणित ढोबळ आहे, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच लांबते. तिथीमागे पाऊण तास हा त्या पन्नास मिनिटांचा व्यवहारी हिशेब. शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा आठवडाभर आधी सांगू शकतो, की येत्या एकादशीला जाळं किती वाजता टाकायचं.

ज्या विजेची ओळख या पुस्तकात करून द्यायची आहे, तिचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे. सूर्य ढगाआड जातो, वारा पडतो. उद्या दुपारी पवनचक्की किती फिरेल हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहाचं तसं नाही. वीस वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी, अमुक सामुद्रधुनीत, किती वाजता पाणी कोणत्या दिशेने आणि साधारण किती वेगाने धावेल, हे आजच कागदावर मांडता येतं. वादळाने किंवा हवेच्या दाबाने त्यात थोडा फरक पडतो, इतकंच. अक्षय ऊर्जेच्या साऱ्या घराण्यात पंचांगाप्रमाणे चालणारी ही एकटीच आहे. वीज साठवणं अजूनही महाग असलेल्या जगात हा गुण लहान नव्हे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. भरतीची वीज म्हटलं, की अनेकांच्या डोळ्यांसमोर धरण उभं राहतं. ते चूक नाही, पण ती वेगळी वाट. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली असं धरण सुरू झालं. त्यात १० मेगावॉटची २४ टर्बाइनं आहेत, एकूण २४० मेगावॉट, आणि ती आजही चालतात. दक्षिण कोरियातल्या सिह्वा तलावावरचा २५४ मेगावॉटचा प्रकल्प २०११चा. या पद्धतीत पाणी बंधाऱ्याआड अडवायचं, आतबाहेरच्या पातळीत फरक पडू द्यायचा आणि त्या उंचीवरून वीज काढायची. तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे, पण खाडीला ते फार जड जातं. रान्सचं बांधकाम चालू असताना सुमारे तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडलेली होती, आणि तेवढ्या काळात तिथलं जुनं जीवन जवळजवळ संपलं. नंतर नवं जीवन वसलं खरं, पण ते पहिल्यासारखं नव्हतं.

या पुस्तकाचा विषय दुसरी वाट आहे. पाणी अडवायचं नाही. जिथे ते मुळातच जोरात धावतं, म्हणजे दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, एखाद्या भूशिराच्या टोकाला किंवा आखाताच्या तोंडाशी, तिथे प्रवाहात थेट पाती उभी करायची. पवनचक्कीचंच तत्त्व, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी.

पण त्या एका बदलाने सगळी गणितं बदलतात. समुद्राचं पाणी हवेच्या आठशेहून अधिक पट घन आहे. शिवाय प्रवाहातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहणारं पाणी म्हणजे तासाला जेमतेम अकरा किलोमीटर. सावकाश सायकल चालवणाऱ्याचा वेग. तरीही त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे १४ किलोवॉट शक्ती जात असते. वाऱ्याकडून तेवढी शक्ती मिळवायची, तर तासाला शंभर किलोमीटरचं वादळ लागेल. म्हणून १८ मीटर व्यासाचा रोटर पाण्याखाली दीड मेगावॉट देऊ शकतो. जमिनीवर तितक्याच क्षमतेच्या पवनचक्कीचा घेर त्याच्या चौपटीहूनही मोठा असतो.

हाच घनाचा नियम उलटाही फिरतो, आणि या विषयावरच्या उत्साही लेखांमध्ये त्याचा उल्लेख सहसा नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. भांगाच्या दिवसांत प्रवाहाचा वेग उधाणाच्या निम्म्यावर आला, तर वीज निम्मी होत नाही. ती आठव्या हिश्शावर येते. दिवसातून चार वेळा पाणी दिशा बदलताना थबकतं तेव्हा तर ती शून्यच. एका ठिकाणचं पाणी थबकलेलं असताना दुसऱ्या ठिकाणचं धावत असतं, त्यामुळे किनाऱ्यावर लांब लांब पसरलेली केंद्रं एकमेकांची ही पोकळी काही प्रमाणात भरून काढतात. भांगाचा आठवडा मात्र सगळ्यांना एकदमच येतो. पंचांगात सगळं आधी कळतं, याचा अर्थ सगळं सारखं मिळतं असा नाही.

तत्त्व एवढं सोपं आहे, तर यंत्रं इतकी थोडी का? या प्रश्नाभोवतीच पुस्तक फिरतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या क्षेत्रातलं खरं नवं तंत्रज्ञान पात्याच्या आकारात नाही. खाऱ्या, धावत्या, गढूळ पाण्यात एखादं यंत्र वर्षानुवर्षं, वर न काढता, बिघडू न देता चालत ठेवणं, हेच ते तंत्रज्ञान. ज्यांना ते साधलं ते उरले. ज्यांना साधलं नाही त्यांच्या कंपन्या बुडाल्या.

उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉक या खाडीची हकिकत मला यात सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. या खाडीत माही नावाच्या बेटावर नेन्ड्रम हा जुना ख्रिस्ती मठ होता. तिथल्या उत्खननात भरतीच्या पाण्यावर चालणारी पीठगिरणी सापडली. तिच्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून तिचं साल निघालं इसवी सन ६१९. भरतीवर चालणाऱ्या ज्ञात गिरण्यांमध्ये ही सर्वांत जुन्यांपैकी एक. भरतीचं पाणी तळ्यात भरून घ्यायचं, दार बंद करायचं, बाहेर ओहोटी लागली की पाणी सोडून आडवं चाक फिरवायचं आणि वरचं जातं चालवायचं. रान्सच्या धरणाचंच हे बाळरूप.

त्याच खाडीच्या अरुंद तोंडाशी, पोर्टफेरी आणि स्ट्रँगफर्ड या दोन गावांमधल्या पाण्यात, २००८ साली सीजेन नावाचं यंत्र उभं राहिलं. मोठ्या, व्यापारी आकाराचं भरतीप्रवाहावरचं जगातलं पहिलं जनित्र. क्षमता १.२ मेगावॉट. समुद्रतळात रोवलेला एक भक्कम खांब, त्याला आडवा दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना १६ मीटर व्यासाचे रोटर. तेराशे-चौदाशे वर्षांच्या अंतराने तीच खाडी पुन्हा कामाला लागली. फरक इतकाच, की या वेळी तळ्याची गरज उरली नव्हती.

सीजेनच्या मागे होते पीटर फ्रँकेल. १९७३च्या तेलसंकटानंतरच्या वर्षांत हे इंग्रज अभियंते अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी स्थापन केलेल्या इंटरमिजिएट टेक्नॉलॉजी गटात काम करत होते. त्यांनी तेव्हाच्या सुदानमध्ये, जूबा इथे, नाईलच्या संथ प्रवाहात तरंगती टर्बाइनं ठेवून शेतीला पाणी उपसण्याचा प्रयोग केला. धरण नाही, कालवा नाही, डिझेल नाही. नदी वाहते, पाती फिरतात, पंप चालतो. तिथून पुढे १९९४मध्ये स्कॉटलंडच्या लॉक लिनी या खाडीत १५ किलोवॉटचं यंत्र, २००३मध्ये डेव्हनच्या लिनमाउथजवळ ३०० किलोवॉटचं सीफ्लो आणि मग सीजेन. गरीब शेतकऱ्याच्या पाण्याच्या सोयीसाठी केलेल्या विचारातून एक अख्खं सागरी तंत्रज्ञान उभं राहिलं, हे मला मनापासून आवडतं. भारतातल्या अभियंत्यांनी या वाटचालीकडे जवळून पाहावं असं वाटतं.

सीजेनमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पात्यांमध्ये नव्हती, त्या आडव्या दांड्यात होती. दोन्ही रोटरांसकट तो खांबावरून वर सरकवून पाण्याबाहेर काढता येत असे. सुरुवातीलाच नियंत्रणप्रणालीतल्या चुकीने एका रोटरच्या पात्यांचं नुकसान झालं, पण यंत्र वर काढता येत असल्याने ते दुरुस्त झालं. आयुष्यभरात सीजेनने ११.६ गिगावॉट-तास वीज दिली. पुढे ते बंद करून २०१९पर्यंत समुद्रातून पूर्ण काढून टाकलं. तो खांब रोवणं फार खर्चाचं होतं, आणि खोल पाण्यात तर अशक्यच.

याच्या शेजारी कॅनडातली फंडीच्या उपसागराची कहाणी ठेवून पाहावी. तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. जगात सर्वांत जास्त. २००९च्या नोव्हेंबरमध्ये ओपनहायड्रो या आयरिश कंपनीचं एक मेगावॉटचं टर्बाइन तिथल्या मायनस पॅसेजमध्ये तळावर ठेवलं. काही आठवड्यांतच पाती तुटली. प्रवाह अपेक्षेपेक्षा जोरदार निघाला. पण पाती तुटलेलं यंत्र वर काढायला डिसेंबर २०१० उजाडला, कारण तिथे काम करण्याची संधी फक्त पाणी थबकतं त्या थोड्या मिनिटांत मिळते. पुढे त्याच कंपनीने दोन मेगावॉटचं नवं यंत्र २०१८च्या जुलैमध्ये तिथेच उतरवलं, आणि काही दिवसांतच तिच्या फ्रेंच मालकांनी पैसा थांबवून कंपनी मोडीत काढली. यंत्र तळाशीच राहिलं. ज्या जागी शक्ती सर्वांत जास्त, तिथेच यंत्र उभं करणं सर्वांत अवघड, हे फंडीने दोनदा दाखवून दिलं.

आता आजच्या सर्वांत महत्त्वाच्या जागेकडे येतो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, मुख्य भूमी आणि ऑर्कनी बेटं यांच्यामध्ये, पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी आहे. अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र इथून एकमेकांत पाणी ओततात. जुने खलाशी या पाण्याला वचकून असत. त्यातल्या स्ट्रोमा बेटाच्या आतल्या बाजूला मेजेन प्रकल्पाची चार टर्बाइनं आहेत, प्रत्येकी दीड मेगावॉटची. तीन अँड्रिट्झ हायड्रो हॅमरफेस्टची, एक ॲटलांटिसचं. २०१८पासून प्रकल्प नियमित वीज देतो आहे.

इथे खांब रोवलेले नाहीत. तळ खडकाचा आहे. तिवईसारखा पोलादी पाया, अडीचशे ते साडेतीनशे टनांचा, तळावर ठेवलेला असतो. तो हलू नये म्हणून त्यावर सहा ठोकळे, मिळून सुमारे बाराशे टन. टर्बाइनचं डोकं तेवढं वेगळं होतं. पाणी थबकलं की जहाजावरच्या यारीने ते उचलायचं, किनाऱ्यावर नेऊन दुरुस्त करायचं आणि पुढच्या संधीला परत बसवायचं. या चारांपैकी एक टर्बाइन सहा वर्षांहून अधिक काळ, अनपेक्षित दुरुस्तीसाठी एकदाही वर न काढता चाललं, हे २०२५मध्ये जाहीर झालं. बातमी म्हणून ती लहानशी आली. मला मात्र ती या क्षेत्रातल्या कुठल्याही नव्या विक्रमी क्षमतेपेक्षा मोठी वाटते. सहा वर्षांत पाणी काही हजार वेळा दिशा बदलतं, दर वेळी पात्यांवर आणि बेअरिंगवर उलटा भार येतो, प्रवाहातले भोवरे पात्यांना हिसके देतात, शेवाळ आणि कालवं चिकटतात, खारं पाणी प्रत्येक सीलमधून आत शिरू पाहतं. हे सगळं सोसून फिरत राहिलेलं एक बेअरिंग बँकांना जितका विश्वास देतं, तितका कुठलाही अहवाल देत नाही.

दुरुस्तीचाच प्रश्न दुसऱ्यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. ऑर्बिटल कंपनीचं ओ-टू हे यंत्र तळावर बसतच नाही, ते तरंगतं. ७० मीटरहून लांब पिवळं नळकांडं पाण्यावर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाय, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला २० मीटरचा रोटर. क्षमता दोन मेगावॉट. २०२१पासून ते ऑर्कनीतल्या ईडे बेटाजवळ, युरोपियन मरीन एनर्जी सेंटरच्या चाचणीक्षेत्रात आहे. दुरुस्ती करायची तर पाय वर उचलायचे आणि लहान बोटीने जायचं. प्रचंड जहाज भाड्याने आणायला नको. स्वीडनच्या मिनेस्टोची वाट तर आणखी निराळी. त्यांचं यंत्र म्हणजे तळाशी बांधलेला पतंग. प्रवाहात तो आठच्या आकड्यात घिरट्या घालतो, त्यामुळे त्याच्यावरचं लहानसं टर्बाइन पाण्याच्या मूळ वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने पाणी कापतं. फेरो बेटांत असा १२ मीटर पंखांचा, १.२ मेगावॉटचा पतंग २०२४च्या फेब्रुवारीपासून ग्रिडला वीज देऊ लागला. संथ प्रवाहातूनही वीज काढण्याची शक्यता यात आहे. चीनने झौशान बेटांजवळ २०१६पासून केलेलं काम आणि शेटलंडमधला नोव्हा इनोव्हेशनचा छोट्या यंत्रांचा ताफा यांचा तपशील पुढे आला आहेच.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ब्रिटनने २०२२च्या लिलावात भरतीप्रवाहाच्या ४१ मेगावॉटला मेगावॉट-तासाला १७८.५४ पौंड दर दिला. त्याच लिलावात समुद्रातल्या पवनविजेचा दर ३७.३५ पौंड निघाला. जवळजवळ पाचपट फरक. सरकारने या विजेसाठी वेगळा राखीव निधी ठेवला नसता, तर ती लिलावात उभीच राहू शकली नसती. २०२४च्या लिलावात दर १७२ पौंडांवर आला; उतार आहे, पण मंद. पवनविजेला आणि सौरविजेलाही असाच महाग काळ काढावा लागला होता, असं समर्थक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तो उतार हजारो यंत्रं बनल्यावर आला. इथे सगळ्या जगात मिळून यंत्रं अजून डझनांत मोजावी लागतात. ब्रिटनच्या पाण्यात सुमारे ११.५ गिगावॉट उभारता येतील आणि त्यातून देशाच्या विजेचा ११ टक्के वाटा निघेल, असा २०२१मधला एक अभ्यास सांगतो. म्हणजे ही वीज एकटी कुठल्याही देशाचा भार उचलणार नाही. पण वारा पडलेल्या थंड रात्री वेळापत्रकाप्रमाणे येणारा तो ११ टक्के वाटा फार कामाचा ठरेल.

माशांचं आणि सीलचं काय, हा प्रश्न योग्यच आहे. स्ट्रँगफर्डमध्ये सील जवळ आले की यंत्र थांबवण्याची अट होती, आणि तिथल्या काही वर्षांच्या निरीक्षणात त्यांच्यावर मोठा परिणाम आढळला नाही. मेजेनजवळच्या अभ्यासात पॉर्पॉइझ हे डॉल्फिनचे भाऊबंद फिरत्या पात्यांपासून दूर राहताना दिसले. ही चार-पाच यंत्रांची साक्ष आहे. चारशे यंत्रांचा परिणाम चारांच्या शंभरपट असेल की निराळाच, हे मोजूनच कळेल. म्हणून पुढे जाताना मोजत जाणं ही अट मला न्याय्य वाटते.

आणि आपण? भारतात भरतीपासून सुमारे १२,४५५ मेगावॉट वीज मिळू शकेल, असा आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांचा २०१४चा अंदाज आहे. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा गुजरातेतल्या खंबायतच्या आखाताचा, सुमारे ७,००० मेगावॉट. कच्छच्या आखाताचे १,२०० च्या घरात. हे आकडे अनेक भाषणांत येतात, आणि त्यांनी फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलं आहे असं मला वाटतं. सैद्धांतिक संभाव्यता एवढी मोठी दिसते, की पहिलं शंभर किलोवॉटचं यंत्र कोणाला उतरवावंसंच वाटत नाही. २०११मध्ये ॲटलांटिसने, पुढे मेजेन उभारणाऱ्या त्याच कंपनीने, कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर केला होता. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटची योजना होती. ती खर्चापायी सोडून दिली गेली. कच्छचा प्रकल्पही उभा राहिला नाही. २०१९मध्ये केंद्र सरकारने सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, ही चांगली सुरुवात. पण भरतीच्या विजेचा एकही व्यापारी प्रकल्प अजून पाण्यात उतरलेला नाही.

कोकणातल्या वाचकाला वाईट वाटेल, पण आपल्या खाड्यांत हे यंत्र लावण्याइतका वेग सहसा नाही. मुंबईला उधाणाचा चढउतार पाच मीटरच्या आसपास. भावनगरला तो दहा मीटरच्या वर जातो. आखात उत्तरेकडे निमुळतं होत जातं आणि पाणी कोंडून चढतं. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोचजवळच्या या भरतीचं वर्णन आहे. परक्या जहाजांना नर्मदेच्या मुखातून आत आणण्यासाठी राजाच्या वाटाड्या होड्या पुढे येत असत. आज अलंगला मोडीत काढायची अवाढव्य जहाजं उधाणाच्या भरतीवरच किनाऱ्याला चढवतात. एवढं पाणी आतबाहेर करणाऱ्या आखातात वेगाची वाण नाही.

वाण आहे ती स्वच्छ पाण्याची आणि स्थिर तळाची. पेंटलंड फर्थचा तळ खडकाचा, खंबायतचा गाळाचा. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चारही नद्यांचा गाळ इथे येतो, वाळूचे दांडे जागा बदलतात, पाणी इतकं गढूळ की पाण्याखालच्या कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचं दिसू नये. तो गाळ सीलवर आणि बेअरिंगवर पॉलिश कागदासारखा घासेल. पावसाळ्याचे चार महिने दुरुस्तीच्या बोटी नेणं कठीण. म्हणजे स्कॉटलंडचं यंत्र जसंच्या तसं आणून इथे ठेवलं, तर फंडीची गोष्ट आपल्याकडे घडेल. तरंगतं यंत्र, जे उचलता येतं आणि तळावर अवलंबून नाही, ते इथे अधिक चालेल असा माझा अंदाज आहे. पण हा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

आधी मोजणी व्हायला हवी. घोघा आणि पिरम बेट यांच्या आसपासच्या पाण्यात एखादी जागा निवडून वर्षभर, उधाण-भांग आणि पावसाळा धरून, वेगवेगळ्या खोलीवरचा वेग, पाण्यातल्या गाळाचं प्रमाण आणि तळाच्या बदलत्या उंचीच्या नोंदी सलग घेतल्या, तर पहिलं यंत्र किती मोठं असावं आणि कुठे बांधावं हे ठरवता येईल. हे काम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आणि एखाद्या बंदराच्या आवाक्यातलं आहे. लागणाऱ्या साधनांची आणि नोंदी ठेवण्याच्या पद्धतीची माहिती शेवटच्या प्रकरणात दिली आहे. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी मधली प्रकरणं सोडून थेट तिथे जायलाही हरकत नाही.